समुद्राखालची केबल आणि तिच्या खर्चाची वाटणी

12 डिसेंबर 2024 च्या संध्याकाळी दक्षिण नॉर्वेत विजेचा भाव करासहित युनिटला 13 क्रोनच्या घरात गेला. 2009 नंतर इतका चढा भाव तिथल्या ग्राहकांनी पाहिला नव्हता. त्या दिवशी नॉर्वेची धरणे आटलेली नव्हती आणि तिथले एखादे मोठे वीजकेंद्रही बंद पडलेले नव्हते. वारा पडला होता तो जर्मनीत. तिथल्या पवनचक्क्या जवळजवळ थांबल्या, हिवाळ्यातल्या ढगाळ आकाशामुळे सौर विजेचाही आधार उरला नाही, आणि जर्मनीतील टंचाईचा भाव समुद्राखालच्या केबलांमधून नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन पोहोचला. त्याच दिवशी उत्तर नॉर्वेत मात्र वीज अगदी स्वस्त होती, कारण देशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांना जोडणाऱ्या पारेषण वाहिन्यांची क्षमता तोकडी आहे. दक्षिणेतल्या ग्राहकाला आपल्याच देशाच्या उत्तर टोकापेक्षा परका देश विजेच्या दृष्टीने जवळचा झाला होता.

या घटनेवरून दोन टोकाची मते लगेच मांडली गेली. एक मत असे की या केबलांनी देशाची स्वस्त वीज बाहेर नेली, तेव्हा त्या तोडाव्यात किंवा निदान नव्या टाकू नयेत. दुसरे मत असे की बाजार जसा चालायला हवा तसाच चालला आणि लोकांना अर्थशास्त्र कळत नाही. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. देशादेशांना जोडणाऱ्या या केबलांचा एकूण हिशेब बहुतेक वेळा फायद्याचा निघतो, हे मान्य करायला हवे. पण हा फायदा आणि त्यासाठी सोसावा लागणारा खर्च एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत, आणि ही वाटणी केबल टाकण्यापूर्वी ठरवली गेली नाही तर ती नंतर रस्त्यावरच्या आणि संसदेतल्या भांडणातून ठरते. माझा मुद्दा या वाटणीपुरता आहे.

आधी खर्च कशाचा असतो ते पाहू. जमिनीवर तारा खांबांवरून नेता येतात आणि हवा हेच त्यांचे आवरण असते. समुद्राखाली तारेभोवती जाड विद्युतरोधक आवरण, त्यावर शिशाचे वेष्टन आणि पोलादी तारांचे चिलखत घालावे लागते. अशी केबल लांबलचक कपॅसिटरसारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखी वागते. तिच्यातून नेहमीचा, सतत दिशा बदलणारा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) सोडला, तर दर चक्राला तिला भारित आणि रिकामे करण्यातच प्रवाहाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर दुसऱ्या टोकाला उपयोगाचे फारसे काही उरत नाही. म्हणून लांब पल्ल्यासाठी उच्च दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा एकदिश प्रवाह (डीसी) वापरतात. स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत 1954 मध्ये सुमारे 100 किलोमीटरची अशी पहिली व्यापारी केबल टाकली गेली. तिची क्षमता होती अवघी 20 मेगावॅट. आजच्या मोठ्या केबलांची क्षमता 1,400 मेगावॅट आहे.

एकदिश प्रवाहाची किंमत दोन्ही किनाऱ्यांवर मोजावी लागते. तिथे प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश आणि एकदिशाचा पुन्हा प्रत्यावर्ती करणारी परिवर्तन केंद्रे उभारावी लागतात. या इमारतींचा खर्च केबल 50 किलोमीटरची असो वा 700 किलोमीटरची, जवळपास तेवढाच असतो. प्रत्येक केंद्रात सुमारे एक टक्का वीज वाया जाते, आणि केबलमध्ये अंतराप्रमाणे आणखी काही. नॉर्वे आणि नेदरलँड्स यांना जोडणारी नॉरनेड ही 580 किलोमीटरची, 700 मेगावॅटची केबल 2008 मध्ये सुरू झाली तेव्हा तिला सुमारे 60 कोटी युरो लागले होते. ब्रिटनमधील लिंकनशायर आणि डेन्मार्क यांच्यामध्ये 2023 च्या अखेरीस सुरू झालेल्या 765 किलोमीटरच्या, 1,400 मेगावॅटच्या व्हायकिंग लिंकचा खर्च सुमारे 170 कोटी पौंड सांगितला जातो. अशा केबल बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत आणि त्या टाकू शकणारी जहाजे त्याहून मोजकी, त्यामुळे मागणी वाढली की भाव आणि प्रतीक्षा दोन्ही वाढतात.

हे पैसे परत कसे मिळतात, हे समजल्याशिवाय वादाचे मूळ समजत नाही. केबलचा मालक वीज तयार करत नाही. दोन किनाऱ्यांवरच्या भावांतला फरक ही त्याची कमाई. एका बाजूला युनिट पाच सेंटला आणि दुसऱ्या बाजूला सात सेंटला असेल, तर मधले दोन सेंट त्याचे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. 1,400 मेगावॅटची केबल वर्षभर पूर्ण क्षमतेने चालली तर सुमारे 1,226 कोटी युनिट वाहून नेईल. प्रत्यक्षात तिचा 60 टक्के वापर झाला असे धरले तर सुमारे 735 कोटी युनिट. भावातला सरासरी फरक दोन सेंट असेल, तर वर्षाला 15 कोटी युरोंच्या आसपास उत्पन्न होईल, आणि हा फरक एका सेंटवर आला तर उत्पन्नही निम्मे होईल. पहिल्या स्थितीत 200 कोटी युरोंची गुंतवणूक व्याज सोडून तेरा-चौदा वर्षांत निघते, तर दुसऱ्या स्थितीत सव्वीस-सत्तावीस वर्षे लागतात. केबलचे आर्थिक आयुष्य साधारण चाळीस वर्षांचे धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या एका सेंटचे वजन कळते.

यातली गंमत अशी की केबल आपल्या कमाईचा झरा स्वतःच आटवते. स्वस्त बाजूची वीज महाग बाजूला जाऊ लागली की एकीकडचा भाव चढतो, दुसरीकडचा उतरतो आणि फरक कमी होतो. शेजारी दुसरी केबल पडली की आणखी कमी होतो. समाजाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. मालकाच्या दृष्टीने ती धोक्याची आहे. म्हणून केवळ खाजगी नफ्याच्या भरवशावर सोडले तर गरजेपेक्षा कमीच केबल टाकल्या जातील, आणि टाकल्या जातील त्याही अशा ठिकाणी जिथे भावातला फरक टिकून राहील. उलट अनुभवही आहे. नॉरनेडने सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच सुमारे 5 कोटी युरो मिळवले, आणि योजनेत तर वर्षाचे उत्पन्न 6.4 कोटी युरो धरलेले होते. म्हणजे अंदाज दोन्ही दिशांना चुकतात, आणि चुकीचा भार किंवा लाभ कुणी घ्यायचा हा प्रश्न उरतोच.

ब्रिटनने यावर काढलेला मार्ग मला बराच समंजस वाटतो. तिथला वीज नियामक केबलच्या उत्पन्नाला खालची आणि वरची मर्यादा घालून देतो. उत्पन्न खालच्या मर्यादेखाली गेले तर तूट ग्राहकांच्या बिलातून भरली जाते, आणि वरच्या मर्यादेपुढे गेले तर जादा रक्कम ग्राहकांकडे वळवली जाते. ही व्यवस्था 25 वर्षांसाठी असते. तिच्यातला दोष उघड आहे, कारण धोक्याचा एक मोठा भाग ज्याने कधी समभाग घेतला नाही अशा ग्राहकाच्या गळ्यात पडतो. पण निदान तो कागदावर लिहिलेला आहे, आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाला चांगल्या वर्षांतला वाटाही लिहून दिलेला आहे. या आधारावर तिथली परदेशांशी जोडणी गेल्या काही वर्षांत सुमारे 10,000 मेगावॅटपर्यंत गेली.

आता नॉर्वेकडे परत येऊ, कारण खर्चाच्या वाटणीचा प्रश्न तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. स्वस्त विजेचा प्रदेश महाग विजेच्या प्रदेशाशी जोडला की स्वस्त बाजूचे वीज उत्पादक कमावतात आणि ग्राहक गमावतात. महाग बाजूला ग्राहक कमावतात आणि उत्पादक गमावतात. चारही आकडे एकत्र केले तर बेरीज धन येते. अर्थतज्ज्ञ या बेरजेकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच असतात. नॉर्वेच्या बाबतीत त्यांच्याकडे आणखी एक पक्का युक्तिवाद आहे. तिथली सुमारे 90 टक्के जलविद्युत सरकार, जिल्हे आणि नगरपालिका यांच्या मालकीची आहे, म्हणजे उत्पादकाचा वाढलेला नफा अखेर सार्वजनिक तिजोरीतच जातो. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले, मग तक्रार कसली?

तक्रार अशी की ते दोन खिसे एकाच माणसाचे नाहीत. तिजोरीतला पैसा शाळा, रस्ते, निवृत्तिवेतन यांवर वाटला जातो आणि त्याचा लाभ देशभर पसरतो. वाढलेले बिल मात्र दक्षिणेतल्या घरावर पडते, तेही अशा देशात जिथे घरे प्रामुख्याने विजेवर तापवली जातात आणि थंडीत वापर कमी करणे ही चैन कुणाला परवडत नाही. देशाच्या पातळीवरची बेरीज धन असल्याचे या घराला सांगणे खरे असले तरी त्याचा उपयोग नाही. 2021 च्या डिसेंबरपासून नॉर्वे सरकारने ठराविक भावापुढच्या रकमेचा मोठा हिस्सा स्वतः भरायला सुरुवात केली आणि पुढे तो हिस्सा 90 टक्क्यांपर्यंत नेला. ऑक्टोबर 2025 पासून घरगुती ग्राहकाला हवा असल्यास कराशिवाय युनिटला 40 ओर (क्रोनचा शंभरावा भाग म्हणजे ओर) असा स्थिर भावही देऊ केला आहे. याचा अर्थ वाटणी अखेर करावीच लागली. ती उशिरा झाली, घाईत झाली आणि तोवर केबलांवरचा विश्वास उडाला होता. जर्मनी आणि ब्रिटनकडे जाणाऱ्या दोन मोठ्या केबल 2021 मध्ये सुरू झाल्या त्याच सुमारास युरोपात वायूचे भाव भडकले होते, हा निव्वळ दुर्दैवाचा भाग. पण आपत्तीच्या वर्षी काय करायचे, हे केबल टाकतानाच ठरलेले असते तर त्या दुर्दैवाचे राजकारण इतके झाले नसते. मार्च 2023 मध्ये नॉर्वेने स्कॉटलंडकडे जाणाऱ्या नॉर्थकनेक्ट या नियोजित केबलला परवाना नाकारला. जानेवारी 2025 मध्ये युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक निर्देशांवरून तिथल्या आघाडी सरकारमधला एक पक्ष बाहेर पडला.

स्वीडनची भूमिका याहून नेमकी आहे. त्या देशाने जून 2024 मध्ये जर्मनीशी जोडणारी 700 मेगावॅटची हान्सा पॉवरब्रिज ही योजना नाकारली. कारण दिले ते जर्मनीच्या अंतर्गत व्यवस्थेचे. जर्मनीत पवनऊर्जा मुख्यतः उत्तरेत आणि मोठे उद्योग दक्षिणेत आहेत, मधल्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, तरीही सबंध देशात विजेचा घाऊक भाव एकच ठेवलेला आहे. परिणामी दक्षिण जर्मनीतील टंचाई उत्तर किनाऱ्यावरच्या भावातही दिसते आणि तिथून समुद्र ओलांडते. स्वतःच्या देशात वाहिन्या बांधण्याचा आणि भाव वेगळे ठेवण्याचा राजकीय त्रास एका सरकारने टाळला आणि त्याची किंमत शेजाऱ्याने मोजावी, असा हा प्रकार. स्वीडनने स्वतः 2011 पासून देशाचे चार भावविभाग केलेले आहेत आणि दक्षिणेतल्या नागरिकांचा रोष पत्करलेला आहे, त्यामुळे त्याच्या तक्रारीला नैतिक वजन आहे असे मला वाटते.

मग केबल टाकूच नयेत का? या निष्कर्षाला मी येऊ शकत नाही. नॉर्वेच्या जलाशयांत सुमारे 87 अब्ज युनिट विजेएवढे पाणी मावते, युरोपातल्या एकूण जलसाठ्याच्या जवळपास निम्मे. डेन्मार्कमध्ये रात्री जोराचा वारा सुटला की तिथली जादा वीज नॉर्वेत जाते आणि तेवढे पाणी धरणात शिल्लक राहते. वारा पडला की तेच पाणी वीज होऊन परत येते. इतका मोठा आणि इतका स्वस्त साठा बॅटऱ्यांनी उभा करणे आजच्या घडीला शक्य नाही. शिवाय धरणांचा देशही दुष्काळापासून मुक्त नसतो. 2002-03 च्या हिवाळ्यात नॉर्वेत पाऊस कमी झाल्याने भाव भडकले होते आणि बाहेरून वीज घ्यावी लागली होती. केबल दुतर्फा असते, हे चांगल्या पावसाच्या वर्षी सगळेच विसरतात.

दिशा कशी उलटते याचे आणखी ठळक उदाहरण इंग्लिश खाडीखाली सापडते. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातली 2,000 मेगावॅटची जोडणी 1986 मध्ये झाली तेव्हा फ्रान्सची स्वस्त अणुवीज ब्रिटनला मिळावी, हा विचार प्रमुख होता, आणि पुढची तीन-साडेतीन दशके प्रवाह बहुतांशी त्याच दिशेने वाहिला. 2021 च्या अखेरीपासून फ्रान्सच्या अणुभट्ट्यांतल्या नळ्यांमध्ये गंजाच्या भेगा आढळल्या, 2022 मध्ये अनेक भट्ट्या एकाच वेळी बंद ठेवाव्या लागल्या, आणि चार दशकांत प्रथमच फ्रान्स वर्षभराच्या हिशेबात वीज आयात करणारा देश ठरला. त्या वर्षी ब्रिटनची वीज फ्रान्सला गेली. ज्या कारणासाठी केबल टाकली त्याच्या नेमक्या उलट कारणासाठी ती उपयोगी पडली. असे लाभ आधीच्या अहवालात मावत नाहीत, म्हणून केबलचे मूल्य केवळ भावातल्या फरकावरून काढणे मला चुकीचे वाटते.

पण मग न मावणारे तोटेही मोजले पाहिजेत. सप्टेंबर 2021 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सेलिंज इथल्या परिवर्तन केंद्राला आग लागली आणि याच ब्रिटन-फ्रान्स जोडणीची अर्धी क्षमता ऐन टंचाईच्या काळात गेली. 25 डिसेंबर 2024 रोजी फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यातली एस्टलिंक 2 ही केबल तुटली, दोन देशांमधली क्षमता सुमारे 1,000 मेगावॅटवरून 350 च्या आसपास आली आणि दुरुस्तीला पुढचा जून उजाडला. तिच्यावरून जाणाऱ्या एका तेलवाहू जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेल्याचे तपासात पुढे आले. खटला हेलसिंकीत उभा राहिला, पण घटना फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर घडल्यामुळे आपल्याला अधिकार नाही असे सांगून न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये तो फेटाळला. समुद्राखालच्या तारांच्या रक्षणासाठीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 1884 चा, तारायंत्राच्या काळातला आहे, आणि आजचा सागरी कायदाही अशा घटनेत बहुतांश अधिकार जहाज ज्या देशाचा ध्वज लावते त्या देशाकडे देतो. म्हणजे नुकसान किनाऱ्यावरच्या देशाचे आणि न्याय ध्वजाच्या देशाकडे. दुरुस्तीचे कोट्यवधी युरो, बंद काळातले चढे भाव आणि गस्तीचा खर्च हे सारे अखेर ग्राहक आणि करदाते यांच्यावरच येते, आणि योजनेच्या खर्चपत्रकात ते क्वचितच दिसते.

एकाच केबलवर विसंबण्याचा धडा ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया या बेटाने घेतलेला आहे. ती केबल एकाच देशाच्या दोन राज्यांमधली, तरी तत्त्व तेच. डिसेंबर 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीशी जोडणारी बासलिंक बिघडली आणि जून 2016 पर्यंत बंद राहिली. त्याच वेळी बेटावर दुष्काळ होता, जलसाठे क्षमतेच्या 15 टक्क्यांखाली गेले आणि डिझेलची जनित्रे भाड्याने आणावी लागली. केबल आहे म्हणून घरातली राखीव क्षमता मोडीत काढायची असेल, तर त्या बचतीतून राखीव क्षमतेची किंमत वजा करूनच ती मोजली पाहिजे.

वाटणी आधी ठरवण्याचे बरे आणि वाईट असे दोन्ही नमुने आज युरोपात एकाच वेळी पाहायला मिळतात. आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या 575 किलोमीटरच्या, 700 मेगावॅटच्या केल्टिक जोडणीचा खर्च 2019 मध्ये सुमारे 93 कोटी युरो धरला होता. कुणाला किती लाभ होणार याचा अभ्यास करून दोन्ही देशांच्या नियामकांनी आयर्लंडने 65 आणि फ्रान्सने 35 टक्के भार उचलावा असे ठरवले, आणि युरोपीय संघाने सुमारे 53 कोटी युरोंचे अनुदान दिले. पुढे खर्च 160 कोटींच्या घरात गेला, काम लांबले, पण योजना मोडली नाही. दुसरीकडे ग्रीसचे क्रीट बेट आणि सायप्रस यांच्यातली सुमारे 900 किलोमीटरची, 190 कोटी युरोंची योजना आहे. सायप्रस हा युरोपीय संघातला विजेच्या दृष्टीने एकटा पडलेला एकमेव देश, म्हणजे गरज खरी आहे, अनुदानही 65.7 कोटी युरोंचे मंजूर आहे. सायप्रसने 63 आणि ग्रीसने 37 टक्के भार घ्यायचा हेही ठरलेले होते. अडले ते दोन प्रश्नांवर. वीज वाहू लागण्याआधीच, बांधकामाच्या काळात, ग्राहकांकडून पैसे घ्यायचे का? आणि तुर्कस्तानच्या विरोधामुळे काम थांबले तर बुडालेला खर्च कुणाचा? 2024 च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या कासोस बेटाजवळ सर्वेक्षण सुरू असताना तुर्की युद्धनौका आल्या आणि दुसरा प्रश्न काल्पनिक राहिला नाही. समुद्रतळ तीन हजार मीटरपर्यंत खोल आहे, पण अडचण खोलीची नव्हती. टक्केवारी ठरवली होती ती सगळे सुरळीत होईल या गृहीतावर, आणि भांडण सुरू झाले ते गृहीत मोडल्यावर.

अतिलांब केबलांच्या स्वप्नांबद्दल मी फार लिहीत नाही. मोरोक्कोतून ब्रिटनला सुमारे 4,000 किलोमीटर वीज आणण्याच्या योजनेला हमीचा भाव देण्यास ब्रिटिश सरकारने जून 2025 मध्ये नकार दिला. ऑस्ट्रेलियातून सिंगापूरला वीज नेऊ पाहणारी कंपनी जानेवारी 2023 मध्ये प्रशासकाच्या हाती गेली आणि नंतर नव्या मालकाकडे. अंतर दहापट झाले म्हणून भावातला फरक दहापट होत नाही.

आता पुढची परीक्षा स्कागेराक सामुद्रधुनीत आहे. नॉर्वे आणि डेन्मार्क यांना जोडणाऱ्या पहिल्या दोन केबल 1976-77 मध्ये टाकल्या गेल्या, दोन्ही मिळून 500 मेगावॅटच्या, आणि त्यांचे आयुष्य 2026 च्या सुमारास संपते असे धरलेले आहे. नॉर्वेतल्या सत्ताधारी मजूर पक्षाने त्या बदलून नव्या टाकू नयेत असे आधीच जाहीर केले. डेन्मार्कच्या वाऱ्याला नॉर्वेच्या धरणांची आणि कोरड्या वर्षी नॉर्वेच्या धरणांना डेन्मार्कच्या वाऱ्याची गरज 1976 मध्ये होती त्याहून आज कितीतरी अधिक आहे, म्हणून माझ्या मते त्या टाकाव्यात. मात्र नव्या करारात तीन गोष्टी आकड्यांसह लिहिलेल्या असाव्यात. भाव एका मर्यादेपलीकडे गेला तर केबलच्या उत्पन्नातला किती हिस्सा थेट दक्षिण नॉर्वेतल्या बिलात वळता होईल, केबल तुटली तर दुरुस्ती आणि बंद काळाचा भार कोण किती उचलेल, आणि उत्पन्न अंदाजापेक्षा कमी आले तर तूट कोणत्या देशाचा ग्राहक किती वर्षे भरेल. या तीन आकड्यांवर दोन्ही सरकारांना एकमत करता येत नसेल, तर त्या केबल टाकण्याची वेळ अजून आलेली नाही, असे मी म्हणेन.